उत्तरेची भिंत

१

रोज सकाळी विल्फचं दूध पिऊन झालं की मी भिंत पुसायचे. हातात विल्फच्या बापाच्या, जोएलच्या, जुन्या बनियनचं फडकं, शेजारी ओल पिळायला रिकामी बादली, आणि पाळण्यात माझा दात येऊ घातलेला मुलगा, जो हा खेळ खास त्याच्यासाठीच लावलाय अशा थाटात बघत बसायचा.

आमच्या खोऱ्यात सपाट जागा नाहीच, म्हणून गिरण्यांच्या काळात घरं उतारावर एकावर एक बांधली. वरच्या गल्लीत ज्याचं दार उघडतं ते मिसेस हॅलिवेलचं घर, खालच्या गल्लीत उघडतं ते आमचं. आमच्या मागच्या खोलीला मागे खिडकी नाही, कारण मागे बाहेर असं काही नाहीच. भिंतीपलीकडे थेट डोंगर. ही भिंत बारा महिने रडायची. पुसली नाही तर तिच्यावर काळी बुरशी चढायची, आणि बुरशी चढली की विल्फचा खोकला सुरू व्हायचा. तो खोकला ज्यांनी ऐकला नाही त्यांना काय सांगू! पिल्लू भुंकावं तसा आवाज, आणि मग श्वास आत घेताना छातीतली प्रत्येक बरगडी दिसायची. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "घर बदला." तिच्या तोंडून ते 'मोजे बदला' इतकं सोपं वाटलं.

तर, मी पुसायचे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मी अख्खी भिंत वरपासून खालपर्यंत पुसली, फडकं पिळायला बादलीवर धरलं, आणि त्यातून काहीच निघालं नाही.

फडकं कोरडं होतं.

२

मी भूगोल घेऊन पदवी मिळवलेली बाई आहे. ओल म्हणजे काय, ती कुठून येते, दगडातून कशी झिरपते, यावर मी एकेकाळी मुलांपुढे बोललेही आहे. त्यामुळे दुपारपर्यंत माझ्याकडे कारणांचा ढीग जमला होता. वारा फिरला असेल. वर कुठेतरी पाण्याने वाट बदलली असेल. मी भिंत आदल्या दिवशीच दोनदा पुसली असेन आणि विसरले असेन; झोप न झालेल्या बाईला काहीही शक्य आहे.

मग मी तळवा ठेवला, आणि ढीग कोसळला. भिंत कोमट होती. उन्हाने तापलेल्या दगडासारखी नव्हे. गाईच्या कुशीसारखी.

संध्याकाळी मी जोएलला हात लावायला सांगितलं. जोएल टपाल वाटतो, दिवसभर भिजून येतो, त्याला काहीही कोमट लागतं.

"छान आहे की," तो म्हणाला.

"छान आहे, पण का आहे?"

"ब्रायनी, वर्षभर तू त्या भिंतीला शिव्या घातल्यास. आता ती सुधारली, तर तिची चौकशी लावतेस?"

विल्फ त्या रात्री खोकला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. मी त्याच्या छातीवर कान ठेवून बघितलं; आतून स्वच्छ, मऊ, वाहता श्वास. मला रडूच आलं. मी त्या भिंतीजवळ बसून मनापासून आभार मानले. कुणाचे, ते ठाऊक नव्हतं. पण आम्ही पेगन, म्हणजे निसर्गाला पुजणारे लोक आभार मानण्यासाठी पत्ता विचारत नाही. आमच्यात कुणी देवीला मानतं, कुणी शिंगवाल्या देवाला, कुणी कुणालाच नाही. आमच्या मंडळातली सर्वांत जुनी मॉरीन तर म्हणते, तिचा विश्वास फक्त हवामानावर आहे. तरी काही गोष्टींवर सगळ्यांचं एकमत असतं. कुणाला इजा करायची नाही. जमिनीकडून घेतलं तर जमिनीला काहीतरी द्यायचं. आणि ज्याला बोलावलं त्याला आभार मानून निरोप द्यायचा.

ही शेवटची गोष्ट मला तेव्हाच आठवायला हवी होती.

३

विल्फ पाळण्यात धरून उभा राहायला शिकला होता. एका दुपारी मी पुढच्या खोलीत त्याचे कपडे वाळत घालत होते, आणि तो आत खिदळताना ऐकू आला. बाळं एकटीही हसतात. मी लक्ष दिलं नाही. मग तो गप्प झाला आणि कुणी बोलत असताना मधे मधे हुंकार द्यावा तसे हुंकार द्यायला लागला. हं. जरा थांबून, हं.

मी दारातून डोकावले. माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, तो दोन्ही हात वर करून उभा होता. 'उचलून घे' म्हणताना तो माझ्यापुढे असे हात करतो. आईपुढे, बापापुढे, आणि मोठ्या मनाने कधी मॉरीनपुढे. भिंतीपुढे कशाला करेल?

मी त्याला उचललं तर तो रागावला. खांद्यावरून मागे, तिकडेच हात करत राहिला.

तेव्हा मला तो आवाज पहिल्यांदा आला. खरं तर आवाज म्हणायलाही धीर होत नाही. बोगद्यातून लांबची मालगाडी जावी तशी एक सावकाश घरघर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. मी माझा श्वास रोखला. ते थांबलं नाही. माझ्या कडेवरच्या मुलाच्या श्वासाशी त्याचा काही संबंध नाही, हे मी स्वतःला बजावलं. मग मी नीट ऐकलं, आणि बजावणं सोडून दिलं. विल्फच्या अनेक श्वासांना मिळून त्याचा एक होत होता. पण त्याची सुरुवात बरोबर विल्फच्या श्वासाबरोबर व्हायची.

४

मिसेस हॅलिवेल ऐंशीच्या पुढे गेल्यात. चॅपलला जाणाऱ्या, कडक शिस्तीच्या, आणि आमच्या मंडळाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या. गल्लीच्या पायऱ्यांवर त्या मला भेटल्या, हातात भाजीची पिशवी.

"तुमच्या चेटकिणींची सभा परत कधी गं? आधी सांगत जा. मी रेडिओ मोठा लावते."

"आम्ही चेटकिणी नाही, मिसेस हॅलिवेल. म्हणजे मॉरीन आहे. मी अजून शिकतेय."

"शिकाऊ चेटकीण. वा! मग माझ्या गुडघ्यावर हात साफ करून घे." त्या पिशवी खाली ठेवून दम घ्यायला थांबल्या. "जोएल बरा आहे ना?"

"हो. का?"

"दुपारचा फार कण्हतो."

"दुपारी तो टपाल वाटत असतो."



"मग कोण कण्हतं?" त्या म्हणाल्या.

"नळ असतील."

"पोरी, लग्न होऊन आले तेव्हापासून या घराचे नळ ऐकतेय. नळ कण्हत नाहीत, ते शिव्या देतात. हे वेगळं आहे. माझा हॅरल्ड कोळशाचं पोतं पाठीवर घेऊन या पायऱ्या चढायचा, तेव्हा असा आवाज करायचा." त्यांनी पिशवी उचलली. "फक्त हॅरल्ड वर पोचला की पोतं खाली टाकायचा. हे टाकत नाही."

५

त्याच दुपारी विल्फला भरवताना, तोंडात रताळं आणि हातात चमचा, मला आठवलं.

साउइन. ऑक्टोबरचा शेवटचा दिवस, आमचं वर्ष संपतं आणि गेलेल्यांची आठवण काढतात तो. एरवी मंडळ टेकडीवर जमतं, पण विल्फ लहान म्हणून यंदा सगळे आमच्या मागच्या खोलीत आले होते, उजेड असतानाच. रीत अशी, की वर्तुळ करून उभं राहायचं आणि एकेकाने एकेका दिशेला बोलवायचं. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी. उत्तर माझ्याकडे आली. घर माझं, आणि ती भिंत बरोबर उत्तरेला. उत्तर म्हणजे माती, दगड, हाडं, जे खाली आहे ते सगळं. शब्द पाठ असावे लागत नाहीत, मनातले चालतात. मी त्या ओल्या भिंतीसमोर उभी राहिले आणि मनात एकच गोष्ट होती, तीच बाहेर आली. "उत्तरे, ये. या घरात माझं मूल आहे. त्याला सांभाळ."

मॉरीन नंतर म्हणाली होती, "छोटं आणि नेमकं. बाकीच्यांनी शिका."

शेवटी पुन्हा एकेकाने आपापल्या दिशेला निरोप द्यायचा. पूर्व गेली. दक्षिण गेली. पश्चिम गेली. मी तोंड उघडलं आणि विल्फला खोकल्याची उबळ आली. मी त्याला घेऊन मोरीत धावले, गरम पाण्याचा नळ सोडून वाफेत बसले. बाहेर आले तेव्हा मेणबत्त्या विझलेल्या होत्या आणि सगळे पार्किनचे, आमच्याकडच्या आल्याच्या केकचे, तुकडे खात हवापाण्याच्या गप्पा मारत होते. प्रत्येकाला वाटलं, ब्रायनी नंतर म्हणून टाकेल.

मी चमचा खाली ठेवला. विल्फने रताळ्याचा हात भिंतीला पुसला. भिंतीने तो हात पुसू दिला, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल मी स्वतःला बरंच सुनावलं.

६

मॉरीनने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांचं जेवण रांधलं. तिला घाबरवणं अवघड आहे. मी तिच्या ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं. ती कांदा चिरत राहिली.

"म्हणजे पाहुण्याला दारात कोट काढायला लावलंस आणि आत जाऊन झोपलीस."

"विल्फ खोकत होता!"

"तुला कुणी फासावर देतंय का? विसरतो माणूस. एकदा मी पश्चिमेला विसरले होते, महिनाभर संडास तुंबला." तिने सुरी ठेवली. "आज घरी जा, आभार मान, निरोप दे. झालं."

"मॉरीन, ते वाईट असेल तर?"

"डोंगर कधी वाईट असतो का?"

"चांगलाही नसतो."

"हे मात्र शिकलीस तू." ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "काय गं? अजून काय आहे?"

"ते आल्यापासून विल्फ खोकला नाही. एकदाही. मी ऐन हिवाळ्यात निरोप दिला आणि ओल परत आली तर?"

मॉरीनने ओले हात ॲप्रनला पुसले आणि माझे दोन्ही गाल धरले. कांद्याचा वास माझ्या डोळ्यांत गेला. निदान मी तसं सांगते.

"बाळा, आपण कुणाला कामावर ठेवत नाही. बोलावतो, खाऊ घालतो, आभार मानतो, जाऊ देतो. ओल आली तर घरमालकाच्या मागे लागू, सगळं मंडळ लागू, आमच्यात दोन जणी फार वाईट भांडतात. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून असं घेत राहायचं नसतं. मग ते मूल असो नाहीतर डोंगर."

मी हो म्हणाले. आणि घरी येऊन विल्फची झोप पाहिली, त्याची न दिसणारी बरगडी पाहिली, आणि म्हटलं, उद्या.

७

बरेच उद्या गेले. डिसेंबर लागला, पाऊस बसला तो उठेना. कालवा काठोकाठ भरला. मिसेस हॅलिवेल म्हणाल्या, वरच्या गल्लीत त्यांच्या उंबऱ्यासमोर इतकी मोठी फट पडलीय की त्यात दुधाची बाटली उभी राहते.

आमच्याकडे मात्र कोरडं, उबदार. बाहेरून येणारा म्हणायचा, काय सुंदर ऊब आहे तुमच्याकडे!

आवाज बदलला होता. पूर्वी सावकाश असायचा, आता तुटक. मधेच एक लांब कण्हणं, आणि त्यानंतरची शांतता इतकी ताणलेली, की मी हातातलं काम सोडून पुढच्या श्वासाची वाट बघायचे. बाळंतपणानंतर विल्फच्या पाळण्याशी अशीच उभी राहायचे. आला. हं, आला.

आणि भिंत फुगली. दुपारी चारच्या सुमारास दिवा लावला की तिरप्या उजेडात दिसायचं: चुन्याच्या गिलाव्याखाली दोन मोठे, गोलसर उंचवटे, खोलीच्या मधोमध, माझ्या डोक्याच्याही वर. शेजारी शेजारी. आमच्या बाजूला आलेले. कुणी पलीकडून तळवे टेकून आत ढकलतंय, असंच मला दिसलं. विल्फचा पाळणा मी पुढच्या खोलीत ओढला. विल्फ रडला. खाली ठेवताच रांगत रांगत परत मागे गेला आणि त्या उंचवट्यांखाली गाल टेकून झोपला.

मग मात्र मी 'उद्या' म्हणाले नाही. जोएल कामावर होता. मी ताजा पाव कापला, मीठ घेतलं, पेलाभर बिअर ओतली, आणि सगळं भिंतीच्या पायाशी मांडलं. झोपलेल्या विल्फला उचलून कडेवर घेतलं. बाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं आणि पाऊस कोसळत होता.

"उत्तरे," मी म्हणाले. "माती, दगड, हाडं. आलात, राहिलात..."

कण्हणं बंद पडलं.

अख्खं घर बंद पडलं म्हटलं तरी चालेल. नळ, छप्पर, कशाचाच आवाज नाही. छतापासून गिलाव्याची एक बारीक रेघ सुटली आणि तिच्यातून पिठासारखी धूळ पावावर पडली. मग कुठेतरी खोल, दगडावर दगड अगदी थोडा सरकला. जबड्यात दाढ हलावी तसा.

ते माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होतं. मी 'जा' म्हटलं की ते जाणार होतं, लगेच, आनंदाने.

मी दिव्याजवळून पुन्हा भिंतीकडे पाहिलं. दोन उंचवटे. त्यांच्या मधून, वरून खाली, एक लांब उथळ पन्हळ गेलेली. भिंतीवर ती मला आधी कधी दिसली नव्हती. पण अगदी तशीच मी रोज पाहते. विल्फला आंघोळ घालताना साबण तशाच पन्हळीतून खाली ओघळतो.

ते तळवे नव्हते. पाठ होती.

ज्याला आत यायचं असतं तो पाठ करून बसत नाही. ते आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. त्याचं तोंड डोंगराकडे होतं.

८

"थांब," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "अजून थोडं थांब. कृपा करून. मी सांगते तुला."

श्वास परत सुरू झाला. कसा, ते मी सांगू शकत नाही. ज्याला ओझं खाली ठेव म्हटलं आणि मग नको म्हटलं, त्याचा कसा होईल?

विल्फला शालीत गुंडाळून मी पायऱ्या चढले आणि मिसेस हॅलिवेलचं दार दोन्ही मुठींनी ठोकलं.

"बाहेर या. आत्ता."

"चहा ओतलाय मी."

"चहा राहू दे!"

"चहा राहू दे, म्हणे. आजकालच्या मुली..." त्यांचं लक्ष विल्फच्या उघड्या पायांकडे गेलं. पावसात, मोजे नसलेले. मी, जी जूनमध्येही त्याला टोपी घालते. त्यांचा चेहरा बदलला. "काय झालं?"

"मागची भिंत. डोंगर येतोय."

खालून कण्हण्याचा आवाज आला. त्यांच्या फरशीतून तो माझ्या पोटऱ्यांपर्यंत चढला. कपात चहाची वर्तुळं उमटली. मिसेस हॅलिवेलनी त्या वर्तुळांकडे पाहिलं.

"कोट," त्या म्हणाल्या. "ॲप्रनमध्ये मरणार नाही मी. लोक काय म्हणतील?"

मी कोट त्यांच्या अंगावर टाकला. शेजारचं घर सुट्टीतल्या पाहुण्यांचं, हिवाळाभर कुलपात. आमच्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. एका हाताने विल्फ, एका हाताने त्या, असं करत मी सगळ्या पायऱ्या उतरले. प्रत्येक पायरीला त्यांचा गुडघा, आणि प्रत्येक पायरीला माझ्या मनात एकच: थांब, धर, थांब. आयुष्यात मी कुणाकडे इतकं मागितलं नव्हतं.

९

आम्ही रस्त्यापलीकडे कालव्याच्या पुलाशी जाऊन उभ्या राहिलो. घराचं दार मी उघडंच टाकलं होतं. पुढची खोली, मधलं दार, आणि त्यापलीकडे, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, ती भिंत. पुलावरून सरळ दिसत होती.

मिसेस हॅलिवेलनी निघताना दारातून उचललेली छत्री माझ्यावर आणि विल्फवर धरली होती. मी घसा साफ केला. एका चॅपलवाल्या बाईसमोर, भर रस्त्यात, मोठ्याने. लाज वाटली का? वाटली. शिकलेल्या माणसाला कुठेही वाटते.

"उत्तरे," मी ओरडले. "माती, दगड, हाडं. आलात, राहिलात, माझ्या मुलाला धरलंत. आम्ही सगळे बाहेर आहोत. कुणी आत नाही. तुमचे फार फार आभार. आता जायचं तर जा. सोडा. सलोख्याने जा."

"कोणाशी बोलतेयस?" मिसेस हॅलिवेलनी हळूच विचारलं.

"जे धरून बसलंय त्याच्याशी."

त्यांनी काही क्षण विचार केला. मग छत्री मिटली, कारण प्रार्थनेत छत्री उघडी ठेवत नाहीत, आणि उघड्या पावसात मान खाली घालून म्हणाल्या, "आमेन."

मी दिव्याकडे बघत होते. भिंतीतली पाठ वाकली, आणि मग सरळ व्हायला लागली. फार वेळ एका जागी बसलेलं माणूस गुडघ्यावर हात देऊन उठतं, तशी. छताच्या रेषेपाशी काहीतरी, माझ्या मते खांद्यावरचं काहीतरी, आमच्या दिशेला वळायला लागलं.

मग दिवा गेला. आधी एक उसासा आला, खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यानंतर डोंगर आमच्या घरात आला. फार घाई न करता. विल्फचा पाळणा दारातून बाहेर ढकलला गेला तेव्हा त्याचा एकही कठडा शाबूत नव्हता.

चेहरा मी पाहिला नाही. त्याबद्दलही मी आभारीच आहे.

जोएल टपालाच्या पिशवीसकट धावत आला. त्याने आम्हाला घट्ट धरलं, आणि बऱ्याच वेळाने, माझ्या केसांत तोंड खुपसून विचारलं, "तुला कळलं कसं?"

"भिंत कोरडी होती," मी म्हणाले.

१०

आम्हाला आता बसस्थानकामागे तिसऱ्या मजल्यावर तात्पुरतं घर मिळालंय. चारी बाजूंना हवा. विल्फ खोकत नाही. मॉरीन येऊन त्याला मांडीवर घेते.

पाऊस थांबल्यावर मिसेस हॅलिवेलचा फोन आला. "आपण त्याला काही दिलं का गं? नंतर?"

"पाव ठेवला होता. तो आतच गेला."

"पाव! एवढं केलं त्याने, आणि नुसता पाव?"

दुसऱ्या दिवशी त्या डबाभर पार्किन घेऊन आल्या, स्वतः भाजलेलं, आल्याचा वास येणारं. आम्ही वरच्या गल्लीत गेलो. पालिकेने पट्टी लावून वाट अडवली होती. बाकीची ओळ तपासली, भक्कम आहे, असं तिथल्या माणसाने सांगितलं आणि तो जेवायला गेला.

माती उतरून गेली होती आणि मागचा खडक उघडा पडला होता. त्यात दोन खळगे होते. शेजारी शेजारी, प्रत्येक विल्फच्या पाळण्याएवढा लांब, वर निमुळते. आम्ही दोघी बघत राहिलो.

"पाण्याने पडतात असे खळगे," मी म्हणाले. "खडक मऊ असला की. पुस्तकात चित्रं आहेत."

"पडत असतील," मिसेस हॅलिवेल म्हणाल्या. "आणि टाचेकडे जास्त खोल पडतात का गं?"

माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं होतं. ते खळगे गुळगुळीत होते. काठ झिजलेले, आत चकाकी आलेली. साउइनपासून डिसेंबरपर्यंत खडक एवढा झिजत नाही. शंभर वर्षांतही झिजेल की नाही, कोण जाणे. मी बोलावलं म्हणून ते आलं, अशी माझी समजूत होती. ते तिथेच होतं. घर बांधलं तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, पाय रोवून, डोंगराकडे तोंड करून. इतक्या वर्षांत कुणी त्याला आभार म्हटलं नव्हतं. कुणी जा म्हटलं नव्हतं. मी फक्त त्याच्याशी बोलणारी पहिली.

मिसेस हॅलिवेल पट्टीवरून पलीकडे बघत होत्या. आमच्या घराच्या जागी खिंडार, मग ते कुलूपबंद घर, आणि मग ओळ. घरामागून घर, एकावर एक, पार वळणापर्यंत, सगळ्यांच्या पाठी त्याच डोंगराला. चार वाजले होते, दिवे लागत होते. कुणाच्या खिडकीत पोरांनी कागदी तारे चिकटवले होते. कुणाकडे तरी कांदा परतत होता. आत कुणी मोठ्याने हसलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंडगार होता.

"आभार मान, पोरी. मोठ्याने. भिंतींमागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी तोंड उघडलं.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या. "तेवढंच. पुढचं काही म्हणू नकोस."

पार्किनचा डबा पट्टीखालून आत सरकवून मी आभार मानले. जेवढे माझ्यात होते तेवढे, सगळे. मग सवयीने पुढचे शब्द, 'आता जायचं तर जा', दातांपर्यंत आले.

उतारावर, वळणापर्यंत, एकदम शांतता झाली. पक्षी नाही, पाणी नाही. मी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मिसेस हॅलिवेलनी आपला हात माझ्या तोंडावर ठेवला, आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो, जोवर तो श्वास, घराघरामागून, पुन्हा सुरू झाला नाही.